कानातल्या आवाजांना बसायला जागा: सायकोसिसमध्ये 'ॲक्ट' कसं वापरायचं

"मॅडम, हे बंद कधी हुतील?"

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दर गुरुवारी मी ओपीडीला बसते. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. औषधं शेजारच्या खोलीतले डॉक्टर देतात. कानात आवाज येणारा माणूस समोर बसला की पहिल्या पंधरा मिनिटांत हा प्रश्न येतोच. पूर्वी मी त्याला उत्तर द्यायला धडपडायचे. आता मीच उलट विचारते, "समजा बंद झाले. मग उद्या सकाळी उठून काय कराल?"

सायकोसिस म्हणजे भास, कानातले आवाज किंवा पक्क्या बसलेल्या चुकीच्या समजुती यांमुळे खरं काय नि खोटं काय ही सांगड सुटणं. त्या प्रश्नापासून पुढचं काम कसं सुरू होतं, ते इथे सांगते. नव्याने या कामात आलेल्या समुपदेशकांसाठी लिहितेय, पण घरात असा माणूस असेल त्यांनीही वाचावं. त्यांच्यासाठीचा भाग शेवटाकडे आहे.

आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. बोलण्याचा हा उपचार गोळ्यांच्या जोडीने करायचा असतो, गोळ्या बंद करून नव्हे. ज्याला पहिल्यांदाच भास व्हायला लागलेत, जो रात्ररात्र झोपत नाही, जेवत नाही, ज्याचं बोलणं एकमेकाला लागत नाही, त्याला आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. भासामागे कधी गांजा असतो, कधी थायरॉईड, म्हाताऱ्या माणसाला कधी नुसता लघवीचा संसर्ग असतो. ते तपासणं डॉक्टरांचं काम. माणूस थोडा निवळला, पाच-दहा मिनिटं एका जागी बसून बोलू लागला, की आपलं काम सुरू होतं.

माझी चूक

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक गृहस्थ यायचे. शेजारी आपल्या पाण्याच्या टाकीत काहीतरी टाकतात, असं त्यांना वाटायचं. मी पुराव्याच्या मागे लागले. विचार तपासायचा, बाजूचे आणि विरुद्धचे मुद्दे मांडायचे, एवढंच मला तेव्हा येत होतं. शेवटी मी त्यांना पाणी तपासून घ्यायला लावलं. रिपोर्ट स्वच्छ आला. त्यांनी तो कागद शांतपणे वाचला, चौघडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे लॅबवालेसुद्धा त्यांना मिळालेत." त्यानंतर ते माझ्याकडे कधीच आले नाहीत.

सीबीटी, म्हणजे विचार तपासून बघायला शिकवणारी थेरपी, नीट शिकलेले लोक असं करत नाहीत, ते फार जपून पावलं टाकतात. दोष माझ्या घाईचा होता. पण त्या दिवसापासून मनात बसलं, की खरं-खोटं ठरवायच्या भांडणात मी जिंकले तरी माणूस हातचा जातो. पुढे 'ॲक्ट' शिकले तेव्हा त्या भांडणात न पडता काम करायची वाट सापडली.

'ॲक्ट' म्हणजे ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी. अमेरिकेतल्या नेवाडा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली आणि १९९९ मध्ये सविस्तर मांडली. गाभा साधा आहे. आवाज त्रास देतो, पण आवाजापासून पळण्यात आयुष्य त्याहून जास्त आक्रसतं. लग्नाला जायचं नाही कारण तिथे आवाज वाढतात, कामावर जायचं नाही कारण लोक बघतात, खोलीबाहेर यायचं नाही कारण बाहेर काय होईल सांगता येत नाही. शेवटी आवाज आणि माणूस दोघंच एका खोलीत उरतात. म्हणून ॲक्टमध्ये आपण आवाजाला हाकलत बसत नाही. तो असताना माणसाचे हातपाय कुठे जातात, ते बघतो.

२००२ मध्ये पॅट्रिशिया बाख आणि हेज यांनी रुग्णालयात दाखल असलेल्या ८० जणांवर हे करून पाहिलं. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याबरोबर ॲक्टच्या फक्त ४ बैठका. पुढच्या ४ महिन्यांत पहिल्या गटातल्या ४० टक्के लोकांना पुन्हा दाखल व्हावं लागलं, ॲक्टच्या गटातल्या २० टक्क्यांना. यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग वेगळाच आहे. भास होतात हे सांगणारे लोक ॲक्टच्या गटात जास्त निघाले! मात्र त्या भासांवर त्यांचा विश्वास कमी झाला होता. आवाज लपवायची गरज उरली नव्हती, असा मी त्याचा अर्थ लावते. तेव्हापासून "आवाज किती कमी झाले" या एका मापाने मी कोणालाच मोजत नाही.

पहिल्या दोन भेटी: नुसतं ऐका

आवाज किती जणांचे, ओळखीचे की अनोळखी, बाईचे की पुरुषाचे, कानातून येतात की भिंतीतून, कोणत्या वेळी वाढतात, काय म्हणतात. नवीन गावात गेल्यावर आपण जशी माहिती विचारू, तसं विचारायचं. चेन्नई, घानातलं अक्रा आणि कॅलिफोर्निया इथे आवाज ऐकणाऱ्या प्रत्येकी २० जणांशी संशोधकांनी बोलून पाहिलं, तेव्हा चेन्नईच्या बऱ्याच जणांना नात्यातल्या माणसांचे आवाज येत होते: आंघोळ कर, काम कर, असं घरचंच बोलणं. अमेरिकेतल्या लोकांना मारामारीचे, हिंसेचे आवाज जास्त. आमच्याकडेही गेलेल्या आजीचा, चुलत्याचा, सासूचा आवाज सांगणारे पुष्कळ भेटतात. म्हणून "कोणाचा वाटतो?" हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. आजीचा आवाज बंदच व्हावा असं त्या माणसाला वाटत असेलच, असंही नाही.

"बाहेरचं झालंय", "करणी केलीय" हे शब्द आले तर दचकू नका, खोडूही नका. घरच्यांनी त्याला देवरुषाकडे नेलं त्यामागे पोटातली काळजी असते. मारहाण, डांबून ठेवणं, गोळ्या सोडायला लावणं यांना मात्र मी ठाम नाही म्हणते. नारळ फोडला तर फोडू दे.

आणि पहिल्याच भेटीत सरळ विचारायचं: "आवाज जीव द्यायला सांगतात का? कोणाला मारायला सांगतात का?" विचारल्याने डोक्यात नवं काही शिरत नाही. उत्तर 'हो' असेल तर त्या दिवशी व्यायाम, गप्पा सगळं बाजूला ठेवायचं. डॉक्टरांना त्याच दिवशी सांगायचं, माणसाला एकटं सोडायचं नाही, आणि शेतकऱ्याचं घर असेल तर फवारणीचं औषध घरातून हलवायचं.

तीन रकाने

आता एका मुलाचं सांगते. त्याने परवानगी दिली आहे, आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. सत्ताविशीचा, आयटीआय केलेला, गोळ्या दीड वर्ष नीट चालू. दोन पुरुषांचे आवाज यायचे, "नालायक हाय ह्यो" म्हणायचे. गोळ्यांनी ते मंद झाले होते, गेले नव्हते.

दोनशे पानी वहीत मी तीन रकाने आखले: आवाज घालवायला काय केलं, किती वेळ गुण आला, आणि त्यापायी काय राहून गेलं. पहिला रकाना भराभर भरला. कानात कापूस, हेडफोनवर मोठ्याने गाणी, तंबाखू, अंगारा, रात्री गच्चीवर जाऊन आवाजांना शिव्या. दुसऱ्यात बहुतेक ठिकाणी "थोडा वेळ". तिसऱ्या रकान्याशी तो अडखळला. पेन हातात धरून बराच वेळ बसला आणि मग लिहिलं, "भाचीच्या बारशाला गेलो नाय."

अशा वेळी गप्प बसायला शिका. "बघ, कशानेच उपयोग झाला नाही ना?" असं म्हणायची उबळ येते. ती दाबा. त्याला ते आपल्याहून चांगलं कळलेलं असतं, आणि आपल्या तोंडून आलं की तो टोमणा होतो.

'स्वीकार' हा शब्द जपून

या उपचाराचं मराठी भाषांतर करताना आपण सर्रास 'स्वीकार' म्हणतो. मीही म्हणायचे. त्या मुलाची आई ऐकत होती. तिचा चेहरा उतरला. "म्हंजी ह्यो आता असाच ऱ्हाणार म्हणा की." तिच्या कानाला स्वीकार म्हणजे नशिबाला आलेलं सोसणं. आपल्या बायकांना तर हा शब्द आयुष्यभर ऐकवला जातो. तेव्हापासून मी तो ओपीडीत वापरत नाही. "बसायला जागा द्या" म्हणते. जागा दिली म्हणजे पाहुण्याचं सगळं ऐकलं असं होत नाही, हे कोणालाही समजवावं लागत नाही.

एसटीचा खेळ

ॲक्टमध्ये बसचं एक रूपक जगभर वापरतात. तुम्ही ड्रायव्हर, आवाज आणि विचार म्हणजे प्रवासी. ते आरडाओरडा करतात, धमकावतात. पण स्टिअरिंग तुमच्याकडे. लंडनमध्ये एरिक मॉरिस, लुईस जॉन्स आणि जोसेफ ऑलिव्हर यांनी सायकोसिस असलेल्या लोकांच्या गटांमध्ये ते अक्षरशः खेळून घेतलं. नुसतं सांगण्यापेक्षा खेळण्यातच त्याची ताकद आहे.

आमच्याकडे चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत. पुढच्या खुर्चीवर तो मुलगा, हातात स्टिअरिंग म्हणून स्टीलचं ताट. मागे मी आणि आमच्या नर्सताई, दोन आवाज म्हणून. काय बोलायचं ते त्यानेच सांगायचं, आणि किती जोरात तेही. ही परवानगी पुन्हापुन्हा घ्या. माणसाचा चेहरा बदलला तर तिथेच थांबा. पहिल्या फेरीत तो मागे वळून आमच्याशी भांडला. गाडी अर्थातच जागची हलली नाही. दुसऱ्या फेरीत आम्हाला खूश ठेवायला आम्ही म्हणू तिकडे गाडी वळवली, आणि घरीच परत आला. तिसऱ्या फेरीत त्याने "बसा मागं, जागा हाय" एवढंच म्हणायचं आणि समोर बघत चालवायचं, असं ठरलं. समोरच्या भिंतीवर एक कागद चिकटवला होता, त्यावर भाचीचं नाव.

तो निघाला. आम्ही ओरडत होतो. मध्येच त्याने ताट खाली ठेवलं.

"मॅडम, घंटी कोण मारतंय?"

मला कळेना. मग त्याने समजावलं. एसटीत ड्रायव्हर आपल्या मनाने थांबत नाही. कंडक्टर दोरी ओढतो. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. "ही दोघं बसल्यात मागं, आन् दोरी त्यांच्याच हातात हाय. ती एक घंटी मारत्यात, मी थांबतो. सवयच लागलीय."

इतक्या वर्षांत पुस्तकांतून मला जे नीट उमगलं नव्हतं ते त्याने एका वाक्यात सांगितलं. स्टिअरिंग त्याच्याकडे होतंच, घंटी ऐकली की पाय आपोआप ब्रेकवर जात होता. मग आम्ही सगळी तालीम तेवढ्यासाठी केली. नर्सताई "टिंग" म्हणायच्या, तो श्वास घेऊन मोठ्याने "टिंग टिंग" म्हणायचा आणि पुढे जायचा. आता मी हा खेळ सगळ्यांशी घंटी धरूनच खेळते.

'म्हणे' नावाचं औषध

आवाजाचं वाक्य आणि आपण यांच्यात थोडी फट पाडायची, हा ॲक्टचा दुसरा मोठा भाग. शब्द हा शब्द आहे, हुकूम नव्हे, हे अंगाने कळावं लागतं. सोपी सुरुवात चिंचेने करा. "चिंच" म्हणा, तोंडाला पाणी सुटतं. आता तीसेक सेकंद भराभर चिंच-चिंच-चिंच म्हणत राहा. चिंच पळून जाते आणि उरतो नुसता चचचा आवाज. टिचनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी 'मिल्क' शब्द घेऊन हेच दाखवलं होतं. 'नालायक' सारख्या जिव्हारी लागणाऱ्या शब्दावर पहिल्याच दिवशी हे करू नका. चिंच, लिंबू, पोहे असं करत करत, आणि तो स्वतः तयार असेल तरच.

इंग्रजी पुस्तकांत पुढचा व्यायाम असा असतो, की प्रत्येक वाक्याआधी "माझ्या मनात असा विचार येतोय की..." हे शब्द जोडायचे. मराठीत ते फार जड होतं, कोणी तसं बोलत नाही. पण आपल्या भाषेत हे काम करणारा एक चिमुकला शब्द आधीपासून आहे: म्हणे. "मी नालायक आहे." आणि "मी नालायक आहे, म्हणे." दोन्ही वाक्यं एकदा मोठ्याने म्हणून बघा. दुसऱ्यात मी ते फक्त ऐकलंय, त्यावर सही केलेली नाही. "सगळे माझ्याकडेच बघतात, म्हणे." "शेजाऱ्यांनी करणी केलीय, म्हणे." खरं-खोटं कुठेच ठरवावं लागत नाही.

एक अट मात्र कडक पाळा. 'म्हणे' ज्याचं त्यानेच जोडायचं. आपण किंवा घरच्यांनी जोडलं की ती थट्टा होते, आणि झालेलं काम पाण्यात जातं.

डोळे मिटून लांब ध्यान या माणसांना देऊ नका. शांततेत आवाज अंगावर येतात. मौनाच्या लांबलचक शिबिरांनाही पाठवू नका. तीन मिनिटं पुरेत, डोळे उघडे, तळपाय जमिनीवर. फरशी गार आहे का, पंखा कसा वाजतोय, आवाज बोलतोय का, पुन्हा फरशी. एवढंच.

कशासाठी चालायचं

"तुमची मूल्यं कोणती?" असं विचारून मला आजवर एकदाही कामाचं उत्तर मिळालेलं नाही. तिसऱ्या रकान्यात बघा. जे राहून गेल्याचं दुखतं, तिथेच माणसाला जायचं असतं. या मुलाला भाचीला अंगणवाडीत सोडायला जायचं होतं. बहिणीचं घर तीन गल्ल्या पलीकडे, पण मध्ये पार लागतो आणि पारावर माणसं बसलेली असतात. तिथेच आवाज वाढायचे.

म्हणून पहिलं पाऊल दुसरंच ठेवलं: पहाटे सहाला दुधाची किटली घेऊन डेअरीपर्यंत, तेव्हा पारावर कोणी नसतं. पाऊल इतकं लहान हवं की वाईट दिवशीही टाकता यावं. वहीत दोन गोष्टी लिहायच्या: आवाज दहापैकी किती, आणि मी कुठवर गेलो. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या दिवशी तो पारापासून परत फिरला. तेही लिहायला लावलं, तेवढ्याच ठळक अक्षरात. चौथ्या आठवड्यातली एक नोंद मला पाठ आहे: "आवाज ८. डेअरी. फॅट ४.२ लागली." आवाज आठ असताना त्याने दुधाची फॅट बघितली होती! मी ती ओळ डॉक्टरांना नेऊन दाखवली.

अंगणवाडीपर्यंत पोचायला पाच महिने लागले. मध्ये गणपतीत तीन आठवडे सगळं बंद पडलं होतं, डॉक्टरांना डोस बदलावा लागला. हे असं होतंच, त्यात कोणी नापास होत नाही.

हा उपचार सगळ्यांवर सारखा चालतो, असा दावा मी करणार नाही. मेलबर्नमध्ये ९६ जणांवरच्या अभ्यासात ॲक्टच्या ८ बैठका आणि तेवढ्याच वेळच्या नुसत्या आपुलकीच्या गप्पा यांची तुलना झाली. २०१७ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा एकूण लक्षणांत दोन्हींत फरक दिसला नाही. ॲक्ट घेतलेले लोक मात्र जास्त समाधानी होते आणि आपल्याला उपयोग झाला असं जास्त सांगत होते. ब्रिटनमधली मार्गदर्शक तत्त्वं आजही सायकोसिससाठी सीबीटीच्या किमान १६ बैठका आणि कुटुंबासोबतचं काम सुचवतात. मी यातून घेतलं ते असं, की साध्या गप्पांना कमी लेखायचं नाही. पीक-पाणी, क्रिकेट, बहिणीची सासू यांवर बोलण्यात गेलेली वीस मिनिटं वाया जात नाहीत. तुमच्याकडे मोठी पदवी नाही म्हणून मागेही सरू नका. तामिळनाडू, गोवा आणि आमच्या साताऱ्यात मिळून स्किझोफ्रेनिया, म्हणजे सायकोसिसचा दीर्घकाळ चालणारा एक आजार, असलेल्या २८२ जणांसोबत झालेला अभ्यास २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात घरोघरी जाणारे कार्यकर्ते गावातले, प्रशिक्षण दिलेले साधे लोक होते. दवाखान्यातल्या उपचारांना त्यांची जोड मिळाल्यावर लक्षणं आणि रोजच्या जगण्यातली अडचण, दोन्हींत थोडी पण खरी सुधारणा दिसली.

घरच्यांसाठी

वाद घालू नका, होला हो ही म्हणू नका. मधली वाट आहे. त्या आईला मी एक वाक्य पाठ करायला दिलं: "मला ऐकू येत न्हाई बाळा, पर तुला येतंय हे मला कळतंय." आणि लगेच काहीतरी हातातलं काम पुढे करायचं: "चहा टाकू का? लसूण सोलून देतोस का?" लसणाच्या पाकळ्यांनी आमच्या ओपीडीतल्या कित्येक संध्याकाळी तारून नेल्यात.

संध्याकाळी "आज आवाज आले का?" हे विचारणं बंद करा. रोज तोच प्रश्न आला की घरात आवाजांनाच मानाचं पान मिळतं. "आज कुठवर गेलास?" हे विचारा. डेअरीपर्यंत गेला असेल तर दुधाचा भाव विचारा.

आणि स्वतः झोपा. रात्रभर जागणाऱ्या आईला सकाळी धीराने बोलता येत नाही. जवळ कोणी नसेल, रात्री-अपरात्री घाबरायला झालं, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

शेवटच्या बैठकीत मी प्रत्येकाकडून पोस्टकार्डाएवढा एक कागद लिहून घेते. त्याच्याच अक्षरात, त्याच्याच शब्दांत. माझे शब्द दिसले तर खोडायला लावते. हा मुलगा तो कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून शर्टाच्या खिशात ठेवतो. त्यावर असं आहे:

गोळी रात्री ९ ला.
दोन रात्री झोप नाय लागली तर आईला सांगायचं, लपवायचं नाय.
वाढलं तर पाय जमिनीवर. बसा मागं, जागा हाय.
मरायचं बोलाय लागलं तर तवाच आईला सांगायचं, १४४१६ ला फोन, मग डॉक्टर.
टिंग टिंग.
सव्वानऊला अंगणवाडी.